गडचिरोली-चिमूर: मतदारसंघ जंगलाचा, निकाल धानपट्ट्याचा

१९ एप्रिल २०२४. लोकसभेचा पहिला टप्पा. गडचिरोली-चिमूर मतदारसंघातल्या सहापैकी चार विधानसभा क्षेत्रांत दुपारी ३ वाजता मतदान बंद झालं. कारण सुरक्षेचं. कित्येक केंद्रांवरचे कर्मचारी दोन-तीन दिवस आधीच निघाले होते, काहींना हेलिकॉप्टरनं सोडावं लागलं. मुंबई-पुण्यात मतदानाला संध्याकाळी ६ पर्यंतचा वेळ असतो, इथे बहुतेक भागात तीन तास कमी. तरीही सगळा हिशोब झाल्यावर राज्यातलं सर्वाधिक मतदान याच मतदारसंघात निघालं, जवळपास ७२ टक्के.

ही बातमी दर निवडणुकीत येते. सोबत रांगेत उभ्या आदिवासी महिलांचा फोटो असतो, नक्षलवादाला लोकशाहीनं दिलेलं उत्तर असं शीर्षक असतं, आणि विषय संपतो. पण इथला खासदार नेमका कोणाच्या मतांवर ठरतो, हे त्या बातमीत नसतं. त्यासाठी नकाशा उघडावा लागतो.

तीन जिल्हे, एक खासदार

चंद्रपूर आणि गडचिरोली हा पूर्वी एकच चांदा जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा झाला. लोकसभेचे आजचे मतदारसंघ मात्र २००८ च्या पुनर्रचनेतून आले आणि त्यांनी जिल्ह्यांच्या सीमा फारशा मानल्या नाहीत.

गडचिरोली-चिमूरमध्ये गडचिरोली जिल्ह्यातले आरमोरी, गडचिरोली आणि अहेरी, चंद्रपूर जिल्ह्यातले ब्रह्मपुरी आणि चिमूर, आणि वर गोंदिया जिल्ह्यातलं आमगाव, असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. बाजूच्या चंद्रपूर लोकसभेत राजुरा, चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा हे चार चंद्रपूर जिल्ह्यातले, तर वणी आणि आर्णी हे दोन यवतमाळ जिल्ह्यातले. म्हणजे चंद्रपूर जिल्ह्याचे सहा आमदार दोन खासदारांमध्ये वाटले गेलेत. ब्रह्मपुरीचा माणूस कलेक्टर ऑफिसच्या कामाला चंद्रपूरला जातो, पण त्याचा खासदार गडचिरोलीचा म्हणून ओळखला जातो.

आमगावपासून सिरोंच्यापर्यंत रस्त्यानं ३०० किलोमीटरहून जास्त अंतर आहे. वरच्या टोकाला हिंदीची छाया असलेली बोली, खालच्या टोकाला घराघरात तेलुगू. मध्ये झाडीबोली, गोंडी, माडिया, छत्तीसगडी आणि बंगालीसुद्धा. हो, बंगाली. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना १९६० च्या दशकापासून इथे वसवलं गेलं. मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत त्यांची गावंच्या गावं आहेत. जमिनीचे पट्टे आणि जातीचे दाखले हे त्यांचे जुने प्रश्न, आणि प्रचारात उमेदवार त्यांच्याकडे न चुकता जातात.

आकार समजायला एक तुलना पुरे. गडचिरोली जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या जवळपास चौपट. गोव्यात ४० आमदार निवडून येतात, गडचिरोलीत ३. लोकसंख्येचं प्रमाण पाहिलं तर हे नियमात बसतं, कारण २०११ च्या जनगणनेत या अख्ख्या जिल्ह्यात १० लाख ७३ हजारांच्या आसपास माणसं होती. पण भामरागडच्या माणसाला आमदाराच्या दारात जायचं असेल तर त्याला माणसांची घनता नाही, किलोमीटर मोजावे लागतात.

राखीव म्हणजे नेमकं काय?

महाराष्ट्रात लोकसभेच्या ४८ पैकी ४ जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत: नंदुरबार, दिंडोरी, पालघर आणि गडचिरोली-चिमूर. राखीव याचा अर्थ उमेदवार आदिवासी असला पाहिजे. मतदार सगळेच. शाळेच्या पुस्तकातली ही गोष्ट, पण इथलं सगळं राजकारण तिच्यावर उभं आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्यात आदिवासींचं प्रमाण ३८.७ टक्के आहे. चंद्रपूर जिल्ह्यात साधारण १८ टक्के, गोंदियात १६ टक्के. म्हणजे ज्या जिल्ह्याला आपण सरसकट 'आदिवासी जिल्हा' म्हणतो, तिथेही दहापैकी सहा माणसं आदिवासी नाहीत. ब्रह्मपुरी आणि चिमूर जोडल्यावर हे प्रमाण आणखी खाली येतं. उमेदवार आदिवासी, पण पारडं जड कोणाचं? कुणबी, तेली, माळी, ढिवर, बौद्ध. शिवाय आदिवासी मतही एकसंध नाही. गोंड, माडिया, परधान, हलबा, कंवर यांचे प्रश्न वेगळे, नेते वेगळे, कधी कधी एकमेकांच्या दाखल्यांवरूनच वाद.

या मांडणीतून एक जुनी धुसफूस निघते. गडचिरोली जिल्ह्यात वर्ग ३ आणि ४ च्या नोकरभरतीत ओबीसींचं आरक्षण बरीच वर्षं ६ टक्क्यांवर आलेलं होतं. त्यात ९ जून २०१४ च्या राज्यपालांच्या अधिसूचनेनं अनुसूचित क्षेत्रातली तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक अशी पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी ठेवली. बाजू दोन्हीकडे आहे. पिढ्यान्‌पिढ्या गावात परका मास्तर पाहिलेल्या माडिया मुलाला आपल्या भाषेतला शिक्षक मिळणं हा न्याय आहे. आणि त्याच जिल्ह्यात जन्मलेल्या, दोन एकर धानावर जगणाऱ्या कुणबी पोराला 'तुझ्यासाठी जागाच नाही' हे ऐकावं लागणं ही खरी कोंडी आहे.

हा राग मतपेटीत दिसला. २०१४ च्या लोकसभेत या मतदारसंघात 'नोटा'ला २४ हजारांवर मतं पडली. त्याच वर्षीच्या विधानसभेत एकट्या गडचिरोली मतदारसंघात नोटाला १७ हजारांहून जास्त. यातलं सगळंच ओबीसींचं असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, मतदान गुप्त असतं. पण राखीव जागेवर ज्याला उमेदवार होता येत नाही, त्याच्याकडे नाराजी दाखवायला नोटा हे सोपं बटण आहे, हे उघड आहे.

नदीच्या अलीकडे, नदीच्या पलीकडे

आता नकाशावर वैनगंगा शोधा. उत्तरेकडून येऊन ती चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या मधून वाहते, पुढे वर्धा नदीला भेटते आणि तिथून तिचं नाव प्राणहिता होतं. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. पूर्वेला इंद्रावती, तिच्या पलीकडे छत्तीसगड.

वैनगंगेच्या दोन्ही काठांवर, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, सावली, वडसा, आरमोरी, चामोर्शी आणि वर आमगावपर्यंत, धान पिकतो. हीच झाडीपट्टी. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, वडसा झाडीपट्टी नाटकांचं केंद्र बनतं, आणि ज्या नाटकाला गाव लोटतं तिथे पुढारी उद्घाटनाला हजर असतोच. इथला मतदार मामा तलावाचं पाणी, धान खरेदी केंद्र कधी उघडणार, चुकारे कधी मिळणार आणि बोनस किती, यावर बोलतो. २०२३-२४ च्या हंगामासाठी सरकारनं हेक्टरी २० हजार रुपये, दोन हेक्टरपर्यंत, असा बोनस जाहीर केला होता. अलीकडे याच पट्ट्यात वाघ हा निवडणुकीचा विषय झालाय. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावलीत सरपण किंवा मोहफुलं वेचायला गेलेला माणूस परत न येणं ही दर उन्हाळ्याची बातमी आहे. ताडोबाचं सफारी बुकिंग करणाऱ्या शहरी माणसाला जो वाघ दिसतो, तो इथल्या मतदाराच्या दृष्टीनं वनखात्याचा आणि पर्यायानं सरकारचा वाघ आहे.

नदीकाठ सोडून पूर्वेला आणि दक्षिणेला गेलं की धानोरा, कोरची, एटापल्ली, भामरागड. इथे विषय बदलतात: तेंदूपत्ता, बांबू, वनहक्काचे दावे, मोबाइल टॉवर, पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तुटणारं भामरागड. आणि खाण. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या टेकडीवर लोहखनिज आहे. तिथे २०१६ च्या डिसेंबरमध्ये माओवाद्यांनी खनिज वाहून नेणाऱ्या डझनावारी गाड्या जाळल्या होत्या. २०२१ पासून मात्र उत्खनन जोरात सुरू झालं आणि खाली चामोर्शी तालुक्यात कोनसरीला पोलाद प्रकल्प उभा राहिला. नकाशा इथे पुन्हा बोलतो. टेकडी जाते एटापल्लीची, कारखाना येतो चामोर्शीत, आणि खनिजाच्या ट्रकांनी उखडलेल्या रस्त्यावरची धूळ खातात मधली आलापल्ली-आष्टीची गावं. खाणीला विरोध आणि खाणीतल्या नोकरीची आस हे दोन्ही कधी कधी एकाच घरात सापडतं.

या जंगलभागाचा निकालात वजन किती? अहेरी विधानसभा म्हणजे अहेरी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा, मुलचेरा असे पाच तालुके, गडचिरोली जिल्ह्याचा जवळपास अर्धा भूभाग. पण लोकसभेच्या साधारण १६ लाख मतदारांपैकी इथे अडीच लाखांच्या आसपास. भामरागड तालुक्याची २०११ ची सगळी लोकसंख्या, लहान मुलं धरून, ३६ हजारांच्या घरात. २०१४, २०१९ आणि २०२४ या तिन्ही लोकसभांत विजयाचं अंतर याच्या दुपटीहून जास्त होतं. म्हणजे ज्यांच्या रांगेचे फोटो देशभर छापले जातात, त्यांनी सगळ्यांनी मिळून मत फिरवलं असतं तरी खासदार बदलला नसता.

जंगलातल्या लोकांनी याला स्वतःचं एक उत्तर शोधलंय आणि ते लोकसभेतून गेलेलं नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबू वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आला. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्या गावाची घोषणा. २०१७ च्या जिल्हा परिषद निवडणुकीत ग्रामसभांनी थेट आपले उमेदवार उभे केले आणि भामरागड-एटापल्ली भागातून दोघं निवडून गेले. लहान मतदारसंघात जंगलाच्या मताला वजन येतं, हे त्यांनी बरोबर ओळखलं.

राजघराण्याची अहेरी

अहेरीचं राजकारण बाकी मतदारसंघापेक्षा वेगळं चालतं. इथे पक्षाच्या आधी आत्राम हे आडनाव येतं. राजे विश्वेश्वरराव आत्राम १९७७ मध्ये चंद्रपूरचे खासदार झाले, वेगळ्या विदर्भासाठी त्यांनी नाग विदर्भ आंदोलन समिती काढली, आणि इचंपल्ली-भोपालपट्टणम धरणांविरुद्धच्या आंदोलनात बाबा आमटेंसोबत ते उभे राहिले. पुढच्या पिढ्यांमध्ये घराण्यातलेच लोक एकमेकांसमोर आले. धर्मरावबाबा आत्राम, ज्यांचं १९९१ मध्ये नक्षलवाद्यांनी अपहरण केलं होतं, आणि पुतणे अंबरीशराव यांची लढत नेहमीची. २०२४ च्या विधानसभेत तर धर्मरावबाबा राष्ट्रवादी अजित पवार गटाकडून, मुलगी भाग्यश्री शरद पवार गटाकडून आणि अंबरीशराव अपक्ष, अशी तिरंगी घरगुती लढत झाली. धर्मरावबाबा जिंकले.

सिरोंच्याची गोष्ट आणखी वेगळी. समोर गोदावरी, पलीकडे तेलंगणा. तेलंगणानं बांधलेल्या मेडीगड्डा बॅरेजचं २०१९ मध्ये उद्घाटन झालं. पाणी गेलं तेलंगणात, फुगवट्याखाली शेती गेली सिरोंच्यातली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये त्या बॅरेजचे खांब खचले तेव्हा तेलंगणात सरकार अडचणीत आलं. महाराष्ट्राच्या राजकारणात मात्र सिरोंच्याच्या शेतकऱ्याचा आवाज चामोर्शीपर्यंतही नीट पोहोचला नाही.

इथली मतं इतकी का झुलतात?

आता आकडे. २००९ मध्ये काँग्रेसचे मारोतराव कोवासे साधारण २८ हजारांनी जिंकले. २०१४ मध्ये भाजपचे अशोक नेते जवळपास २ लाख ३६ हजारांनी. २०१९ मध्ये पुन्हा नेते, पण अंतर ७७,५२६. २०२४ मध्ये काँग्रेसचे डॉ. नामदेव किरसान १,४१,६९६ मतांनी. नेत्यांविरुद्ध दोनदा लढलेले काँग्रेसचे नामदेव उसेंडी २०२४ च्या मतदानाआधी भाजपमध्ये गेले होते. काँग्रेसला त्याचा तोटा झालेला आकड्यांत तरी दिसत नाही.

शेजारच्या चंद्रपूरचा प्रवास असाच आहे, फक्त तिथली माती वेगळी. तिथे कोळसा, सिमेंट, वीज केंद्र, बल्लारपूरचा कागद कारखाना, आणि पश्चिमेला वरोरा-वणी-आर्णीचा कापूस-सोयाबीन. २०१४ मध्ये भाजपचे हंसराज अहीर तिथेही जवळपास २ लाख ३६ हजारांनीच जिंकले. २०१९ मध्ये राज्यभर काँग्रेसची धूळधाण झाली, आणि एकच जागा आली ती चंद्रपूरची. आधी दुसऱ्याचं नाव जाहीर करून मग बदललेले उमेदवार, शिवसेनेतून आलेले बाळू धानोरकर, ४४,७६३ मतांनी जिंकले. मे २०२३ मध्ये त्यांचं निधन झालं. २०२४ मध्ये त्यांच्या पत्नी प्रतिभा धानोरकर यांनी भाजपचे ज्येष्ठ मंत्री सुधीर मुनगंटीवार यांना २,६०,४०६ मतांनी हरवलं. मुनगंटीवार स्वतःच्या बल्लारपूरमध्येही मागे पडले.

मग सहा महिन्यांनी विधानसभा आली. त्याच बल्लारपुरात मुनगंटीवार जवळपास २६ हजारांनी जिंकले. चंद्रपूर लोकसभेतल्या सहापैकी पाच जागा भाजपनं घेतल्या, वणी ठाकरेंच्या शिवसेनेला गेली, काँग्रेसला शून्य. राजुऱ्यात अंतर होतं फक्त ३,०५४. गडचिरोली-चिमूरमध्ये सहापैकी चार महायुतीला, काँग्रेसच्या वाट्याला ब्रह्मपुरी आणि आरमोरी.

मतदार तेच, सहा महिन्यांत निकाल उलटा. 'लाडकी बहीण' हे कारण सगळे सांगतात आणि त्यात तथ्य असावं. पण एकच कारण धरून बसलं की नकाशा हातातून सुटतो. लोकसभेला दलित, आदिवासी आणि कुणबी मतं एका बाजूला गोळा झाली; संविधानाची चर्चा आणि शेतमालाचा भाव दोन्ही मागे होते. विधानसभेला हेच गट आपापल्या तालुक्यात, आपापल्या जातीच्या आणि ओळखीच्या उमेदवाराकडे परतले. इथे कोणत्याही एका गटाच्या जोरावर खासदार होता येत नाही, म्हणून प्रत्येक वेळी गोधडी नव्यानं शिवावी लागते.

२०१९ चं एक गणित फेसबुकवर अजून फिरतं: वंचित बहुजन आघाडीनं काँग्रेसला पाडलं. गडचिरोली-चिमूरमध्ये वंचितला एक लाखाहून जास्त मतं होती आणि काँग्रेस ७७ हजारांनी हरली, हे खरं. पण चंद्रपूरमध्येही वंचितला एक लाखाहून जास्त मतं होती आणि तिथे काँग्रेस जिंकली. वंचितचं सगळं मत काँग्रेसच्याच खात्यातून गेलं, असं धरणं हा आळशी हिशोब आहे. या भागात आंबेडकरी राजकारणाची स्वतःची मुळं आहेत. १९९८ मध्ये जुन्या चिमूर मतदारसंघातून रिपब्लिकन पक्षाचे जोगेंद्र कवाडे खासदार झाले होते.

दोन राज्यांत मतदान करणारी गावं

चंद्रपूर मतदारसंघाच्या दक्षिण टोकाला, जिवती तालुक्यात, मुकदमगुडासारखी १४ गावं आहेत. त्यांच्यावर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघांचाही दावा. तिथल्या अनेक घरांत दोन रेशनकार्डं आहेत आणि दोन मतदार ओळखपत्रं. २०२४ मध्ये चंद्रपूरचं मतदान १९ एप्रिलला झालं, आदिलाबादचं १३ मे रोजी. कायद्यानं एका माणसाला एकच मत. पण ज्या गावात एका सरकारचा दवाखाना आणि दुसऱ्या सरकारचा रस्ता असतो, तिथे दोन्ही दारं उघडी ठेवणं याला लोक शहाणपण समजतात. २०२५ मध्ये ही गावं पूर्णपणे महाराष्ट्रात घेण्याची प्रक्रिया सुरू करत असल्याचं राज्य सरकारनं सांगितलं.

पुढचा नकाशा

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपती उर्फ मल्लोजुला वेणुगोपाल राव यानं ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. जंगलात निवडणूक म्हणजे आधी बंदोबस्त, ही चाळीस वर्षांची सवय त्यामुळे बदलू शकते. दुपारी ३ ची मर्यादा गेली, उमेदवार खरोखर भामरागडच्या आतल्या गावांत फिरले, तर तिथले प्रश्न प्रचारात यायला लागतील. वडसा-गडचिरोली हा ५२ किलोमीटरचा रेल्वेमार्ग, ज्याचं आश्वासन इथल्या मतदारानं इतक्यांदा ऐकलंय की तो आता हसतोसुद्धा नाही, तो पूर्ण झाला तर जिल्ह्याचं मुख्यालय पहिल्यांदा रुळांवर येईल.

पण वजनाचा प्रश्न शिल्लक राहतो. सध्याचा नकाशा २००१ च्या जनगणनेवर आखलेला आहे. घटनेतल्या तरतुदीनुसार जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली होती. त्यानंतर रेषा पुन्हा आखायच्या. तेव्हा आमगाव गडचिरोलीला जोडलेलं राहणार का, ब्रह्मपुरी-चिमूर चंद्रपूरकडे परत जाणार का, आणि पाच तालुक्यांच्या अहेरीचे दोन मतदारसंघ होणार की ती आणखी पसरणार, हे प्रश्न येतील. मागच्या पुनर्रचनेत हरकती आणि सूचना मागवल्या गेल्या होत्या, पुढच्या वेळीही मागवल्या जातील. त्या जाहीर सुनावणीला सिरोंच्याहून निघालेल्या माणसाला पोहोचता येईल अशा जागी ती ठेवली जाते की नाही, हे आत्तापासून विचारायला हरकत नाही.